अमेरिकेतील मतदार माहितीचे संरक्षण

अमेरिकेतील मतदार माहितीचे संरक्षण या संज्ञेत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मतदार याद्यांमधील वैयक्तिक माहिती सरकारी यंत्रणांच्या मागणीपासून सुरक्षित ठेवण्यासाठी असलेले कायदे, प्रशासकीय पद्धती आणि न्यायालयीन निर्णय यांचा समावेश होतो. अमेरिकेत देशव्यापी मतदार यादी नाही. मतदारांची नोंद राज्ये आणि त्यांच्या अखत्यारीतील स्थानिक कार्यालये ठेवतात. त्यामुळे केंद्रातील संघीय सरकारला सर्व मतदारांची एकत्रित माहिती हवी असल्यास ती प्रत्येक राज्याकडे स्वतंत्रपणे मागावी लागते आणि राज्याचा कायदा परवानगी देत नसेल तर राज्य ती नाकारू शकते.

हा विषय २०१७ मध्ये विशेष चर्चेत आला. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नेमलेल्या निवडणूकविषयक सल्लागार आयोगाने सर्व राज्यांकडून मतदारांची तपशीलवार माहिती मागवली. बहुसंख्य राज्यांनी ती अंशतः वा पूर्णतः देण्यास नकार दिला आणि जानेवारी २०१८ मध्ये आयोग बरखास्त झाला. २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात आणि २०२५ पासून अनेक राज्यांत अशाच स्वरूपाच्या मागण्यांवरून वाद झाले.

## मतदार याद्यांचा ताबा

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील चौथ्या कलमानुसार संघीय निवडणुकांची वेळ, स्थळ व पद्धत ठरवण्याचा प्राथमिक अधिकार राज्यांच्या विधिमंडळांना आहे. काँग्रेसला, म्हणजे संघीय संसदेला, त्यात कायद्याने बदल करता येतो. भारतात संपूर्ण देशातील लोकसभा व विधानसभा निवडणुकांच्या मतदार याद्या निवडणूक आयोग या एकाच घटनात्मक संस्थेच्या देखरेखीखाली तयार होतात. तशी संस्था अमेरिकेत नाही. बहुतेक राज्यांत 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' हा राज्य पातळीवरील अधिकारी निवडणुकांचा प्रमुख असतो व तो अनेक ठिकाणी पक्षाच्या उमेदवारीवर निवडून येतो. नॉर्थ डकोटा या राज्यात तर मतदार नोंदणीची पद्धतच नाही.

काँग्रेसने केलेले दोन कायदे याद्यांच्या स्वरूपावर परिणाम करतात. १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्याने वाहनचालक परवाना कार्यालयांतून नोंदणीची सोय केली, नावे वगळण्याची पद्धत ठरवून दिली आणि यादी अद्ययावत ठेवण्यासंबंधीच्या नोंदी जनतेला पाहण्यासाठी खुल्या केल्या. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीतील गोंधळानंतर झालेल्या २००२ च्या 'हेल्प अमेरिका व्होट' कायद्याने प्रत्येक राज्याला एकच संगणकीकृत राज्यव्यापी यादी ठेवणे बंधनकारक केले. त्याच कायद्यामुळे नोंदणी करताना चालक परवान्याचा क्रमांक, किंवा तो नसल्यास सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चार अंक घेतले जाऊ लागले. अशा रीतीने पूर्वी काउंटी कार्यालयांच्या कपाटांत विखुरलेली माहिती राज्य पातळीवर एकत्र आली आणि ती अधिक संवेदनशीलही झाली.

## माहितीचे प्रकार

मतदार यादीत कोणी कोणाला मत दिले याची नोंद नसते. मतदान गुप्त असते. मात्र मतदाराने कोणत्या निवडणुकीत मतदान केले याची नोंद असते व तिला 'मतदान इतिहास' म्हणतात. सुमारे तीस राज्यांत नोंदणीच्या वेळी पक्षाची नोंदही करता येते. त्यामुळे मत गुप्त असले तरी राजकीय कल बऱ्याच मतदारांच्या बाबतीत यादीवरून समजतो.

ढोबळमानाने ही माहिती दोन वर्गांत मोडते:

* सार्वजनिक माहिती: नाव, पत्ता, नोंदणीची स्थिती, मतदान इतिहास आणि काही राज्यांत पक्ष. राजकीय पक्ष, उमेदवार, संशोधक व पत्रकार ही माहिती अर्ज करून किंवा शुल्क भरून मिळवू शकतात. अनेक राज्यांत तिच्या व्यापारी वापरास मनाई आहे.
* गोपनीय माहिती: सामाजिक सुरक्षा क्रमांक किंवा त्याचा भाग, चालक परवान्याचा क्रमांक, स्वाक्षरी आणि बऱ्याच राज्यांत संपूर्ण जन्मतारीख.

कोणती माहिती कोणत्या वर्गात येते हे राज्यागणिक बदलते. एका राज्यात जन्मतारीख खुली असते, तर दुसऱ्यात केवळ जन्मवर्ष दिले जाते.

सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चार अंक विशेष जोखमीचे मानले जातात. नऊ अंकी क्रमांकाचे पहिले तीन अंक २०११ पर्यंत तो जेथून दिला गेला त्या प्रदेशानुसार ठरत. २००९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील अलेस्सांद्रो अक्विस्ती व राल्फ ग्रॉस यांनी जन्मस्थळ व जन्मतारीख यांवरून अनेकांचा क्रमांक बऱ्याच अंशी अनुमानाने काढता येतो असे दाखवून दिले. पहिल्या अंकांचा असा अंदाज बांधता येत असल्यामुळे, शेवटचे चार अंक व जन्मतारीख एकत्र मिळाल्यास संपूर्ण क्रमांक हाती लागण्याची शक्यता वाढते. हा क्रमांक बँका, कर विभाग व रुग्णालये ओळख पटवण्यासाठी वापरत असल्याने त्याचा थेट संबंध आर्थिक फसवणुकीशी येतो.

काही मतदारांसाठी पत्ता उघड होणे हाच धोका असतो. कौटुंबिक हिंसाचार किंवा पाठलागाला बळी पडलेल्या व्यक्तींसाठी वॉशिंग्टन राज्याने १९९१ मध्ये पत्ता गोपनीय ठेवण्याची देशातील पहिली योजना सुरू केली. या योजनेत व्यक्तीला पर्यायी टपाल पत्ता दिला जातो व खरा पत्ता सार्वजनिक नोंदींत येत नाही. पुढे बहुतेक राज्यांनी अशा योजना स्वीकारल्या. १९८९ मध्ये अभिनेत्री रिबेका शेफर यांची हत्या करणाऱ्याने त्यांचा पत्ता कॅलिफोर्नियाच्या वाहन नोंदणी विभागातून खाजगी गुप्तहेरामार्फत मिळवला होता. या घटनेनंतर १९९४ मध्ये वाहनचालकांच्या माहितीच्या संरक्षणाचा संघीय कायदा झाला. मतदार यादीतील परवाना क्रमांकाच्या बाबतीतही या कायद्याचा आधार घेतला जातो.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

याद्या व नोंदी कोणी कोणाला दाखवाव्यात हा प्रश्न १९५० च्या दशकातील नागरी हक्क चळवळीत दोन विरुद्ध बाजूंनी पुढे आला.

अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेकडे तिच्या सभासदांची यादी मागितली. संघटनेने नकार दिल्यावर तिला एक लाख डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. ३० जून १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेच्या बाजूने निर्णय दिला. यादी उघड झाल्यास सभासदांना नोकरी जाणे, धमक्या व मारहाण यांना तोंड द्यावे लागेल आणि त्यामुळे संघटना करण्याच्या स्वातंत्र्याला बाधा येईल, असे न्यायालयाने म्हटले. सरकारने नावांची यादी मागणे हेच काही परिस्थितीत दडपणाचे साधन ठरते, हे तत्त्व या निकालाने रूढ केले.

दुसरे उदाहरणही अलाबामातीलच आहे. १९५८ च्या अखेरीस संघीय नागरी हक्क आयोगाने कृष्णवर्णीयांना मतदार नोंदणी नाकारली जात असल्याच्या तक्रारींवरून बार्बर व बुलक या काउंटींच्या नोंदी मागितल्या. त्या वेळी सर्किट न्यायाधीश असलेले जॉर्ज वॉलेस यांनी त्या आपल्या ताब्यात घेऊन आयोगाला देण्यास नकार दिला. येथे राज्याचा नकार मतदारांच्या संरक्षणासाठी नव्हता. भेदभावाचा पुरावा त्यामुळे दडून राहत होता.

अशा अडवणुकीवर उपाय म्हणून १९६० च्या नागरी हक्क कायद्याच्या तिसऱ्या प्रकरणात संघीय निवडणुकीसंबंधीच्या नोंदी २२ महिने जपून ठेवण्याची सक्ती करण्यात आली आणि अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलला त्या पाहण्याचा अधिकार देण्यात आला. मात्र मागणी लेखी असावी, तिचा आधार व हेतू नमूद केलेला असावा आणि मिळालेल्या नोंदी काँग्रेस, सरकारी संस्था व न्यायालयीन कामकाज यांखेरीज अन्यत्र उघड करू नयेत, अशी बंधनेही त्यात आहेत. १९६२ च्या 'केनेडी विरुद्ध लिंड' खटल्यात पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ॲटर्नी जनरलच्या या अधिकाराचा व्यापक अर्थ लावला. त्या खटल्याला मिसिसिपीतील नोंदणी अधिकाऱ्यांनी कृष्णवर्णीयांना यादीबाहेर ठेवल्याची पार्श्वभूमी होती. पुढे २०२५ मधील वादात हाच कायदा पुन्हा केंद्रस्थानी आला.

## संघीय गोपनीयता कायदे

मतदार माहितीसाठी स्वतंत्र संघीय गोपनीयता कायदा नाही. पुढील सर्वसाधारण कायदे संघीय संस्थांना लागू होतात:

* १९७४ चा गोपनीयता कायदा: वॉटरगेट प्रकरणानंतर संमत झाला. नागरिकांची माहिती साठवणारी नवी नोंदप्रणाली उभारण्यापूर्वी तिची जाहीर सूचना देणे संघीय संस्थांवर बंधनकारक आहे. नागरिक अभिव्यक्ती, संघटना आदी स्वातंत्र्यांचा वापर कसा करतात याच्या नोंदी ठेवण्यावर या कायद्याने मर्यादा घातली.
* १९८० चा कागदोपत्री व्यवहार कमी करण्याचा कायदा: मोठ्या प्रमाणावर माहिती गोळा करण्यापूर्वी जनतेच्या सूचना मागवणे व मंजुरी घेणे आवश्यक करतो.
* २००२ चा ई-शासन कायदा: संगणकीय माहिती गोळा करण्यापूर्वी गोपनीयतेवरील परिणामांचे मूल्यांकन करण्यास सांगतो.

या तिन्ही कायद्यांचा भर मुख्यतः कार्यपद्धतीवर आहे. मागणी योग्य की अयोग्य यापेक्षा ती करण्यापूर्वी ठरलेल्या पायऱ्या पाळल्या की नाही, हे त्यांत पाहिले जाते. शिवाय ते 'संस्था' या व्याख्येत बसणाऱ्या कार्यालयांनाच लागू होतात. २०१७ च्या खटल्यांत ही मर्यादा निर्णायक ठरली.

१९८९ मधील 'न्याय विभाग विरुद्ध रिपोर्टर्स कमिटी' या खटल्यातील निर्णयही या संदर्भात महत्त्वाचा मानला जातो. निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेल्या सार्वजनिक नोंदी आणि त्याच नोंदींचे एका ठिकाणी केलेले संकलन यांत गोपनीयतेच्या दृष्टीने फरक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात मान्य केले.

## २०१७ मधील आयोगाची मागणी

### आयोगाची स्थापना

२०१६ च्या निवडणुकीत ट्रम्प विजयी झाले, पण देशभरातील एकूण मतांत ते हिलरी क्लिंटन यांच्यापेक्षा सुमारे २९ लाखांनी मागे होते. लाखो लोकांनी बेकायदा मतदान केले असल्याचा दावा ट्रम्प यांनी केला. त्याला पुष्टी देणारा पुरावा पुढे आला नाही. ११ मे २०१७ रोजी त्यांनी कार्यकारी आदेश क्र. १३७९९ द्वारे निवडणूक शुचितेसंबंधी अध्यक्षीय सल्लागार आयोग नेमला. उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स आयोगाचे अध्यक्ष आणि कॅन्ससचे सेक्रेटरी ऑफ स्टेट क्रिस कोबाक उपाध्यक्ष होते.

### पत्र

२८ जून २०१७ रोजी कोबाक यांनी सर्व ५० राज्यांना व राजधानी वॉशिंग्टन डी.सी.ला पत्र पाठवून, राज्याच्या कायद्यानुसार सार्वजनिक असेल ती पुढील माहिती १४ जुलैपर्यंत देण्याची विनंती केली:

* मतदाराचे संपूर्ण नाव, पत्ता व जन्मतारीख
* पक्षाची नोंद
* सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चार अंक
* २००६ पासूनचा मतदान इतिहास
* नोंदणी चालू, निष्क्रिय की रद्द याची स्थिती
* गंभीर गुन्ह्यांतील शिक्षेची नोंद
* अन्य राज्यांतील नोंदणी, लष्करी सेवा व परदेशातील वास्तव्य यांविषयीची माहिती

आयोगाकडे आलेले दस्तऐवज जनतेला उपलब्ध केले जातील, असेही पत्रात म्हटले होते. माहिती पाठवण्यासाठी प्रारंभी लष्कराच्या एका संकेतस्थळाचा वापर सुचवण्यात आला.

### राज्यांचा प्रतिसाद

कॅलिफोर्नियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ॲलेक्स पडिया आणि व्हर्जिनियाचे गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ या डेमोक्रॅटिक नेत्यांनी लगेच नकार दिला. विरोध मात्र एका पक्षापुरता राहिला नाही. मिसिसिपीचे रिपब्लिकन सेक्रेटरी ऑफ स्टेट डेल्बर्ट होझमन यांनी आयोगाने खुशाल मेक्सिकोच्या आखातात उडी मारावी, असे उद्गार काढले. लुइझियानाचे रिपब्लिकन अधिकारी टॉम शेडलर यांनी, आयोगाला हवी असल्यास कोणत्याही उमेदवाराप्रमाणे सार्वजनिक यादी विकत घ्यावी, असे कळवले.

आयोगाच्या सदस्यांच्या राज्यांतही तीच अडचण होती. कॅन्ससच्या कायद्यानुसार सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे अंक सार्वजनिक नसल्याने खुद्द कोबाक यांनाही ते देता येत नव्हते. पेन्स यांच्या इंडियाना राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॉनी लॉसन या आयोगाच्या सदस्य होत्या. त्यांनीही केवळ कायद्याने खुली असलेली माहितीच देता येईल असे सांगितले. जुलैच्या पहिल्या आठवड्यातील वृत्तांनुसार ४४ राज्ये व वॉशिंग्टन डी.सी. यांनी मागितलेल्या माहितीपैकी काही भाग देण्यास नकार दिला होता. ही राज्ये काय लपवत आहेत, असा प्रश्न ट्रम्प यांनी ट्विटरवर विचारला.

### मतदारांवरील परिणाम

कोलोरॅडो राज्याने केवळ सार्वजनिक माहिती देण्याची तयारी दाखवली. तरीही काही दिवसांत तेथील तीन हजारांहून अधिक मतदारांनी स्वतःची नोंदणी रद्द करून घेतली. माहिती प्रत्यक्ष पाठवली जाण्यापूर्वीच, केवळ मागणीमुळे मतदार यादीतून बाहेर पडले. त्यामुळे माहितीच्या संरक्षणाचा संबंध थेट मतदानाच्या हक्काशी आहे हे दाखवणारे उदाहरण म्हणून या घटनेचा उल्लेख होतो.

१३ जुलै रोजी व्हाइट हाउसने आयोगाला आलेल्या नागरिकांच्या प्रतिक्रिया प्रसिद्ध केल्या. त्यांत अनेकांची नावे व ई-मेल पत्ते, तसेच काहींचे दूरध्वनी क्रमांक व घरचे पत्ते न झाकता छापले गेले. माहितीच्या सुरक्षिततेविषयी काळजी व्यक्त करणाऱ्या पत्रांचाही त्यांत समावेश होता.

## न्यायालयीन कार्यवाही

'इलेक्ट्रॉनिक प्रायव्हसी इन्फर्मेशन सेंटर' या संस्थेने ३ जुलै २०१७ रोजी संघीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. ई-शासन कायद्यानुसार आवश्यक असलेले मूल्यांकन झाले नसल्याचा तिचा मुख्य आक्षेप होता. १० जुलै रोजी आयोगाने निकाल लागेपर्यंत माहिती पाठवू नये असे राज्यांना कळवले. तोवर केवळ आर्कान्सा राज्याची माहिती पोहोचली होती व ती न उघडता काढून टाकण्यात आली. लष्करी संकेतस्थळाऐवजी व्हाइट हाउसची यंत्रणा वापरण्याचे ठरले.

२४ जुलै रोजी न्यायाधीश कॉलीन कोलार-कोटेली यांनी मनाई हुकूम देण्यास नकार दिला. केवळ सल्ला देणारा आयोग कायद्याच्या अर्थाने 'संस्था' ठरत नाही, असे त्यांचे मत होते. दोनच दिवसांनी कोबाक यांनी राज्यांना दुसरे पत्र पाठवले व त्यात वैयक्तिक माहिती उघड केली जाणार नाही असे आश्वासन दिले. २६ डिसेंबर रोजी अपील न्यायालयाने जिल्हा न्यायालयाचा आदेश कायम ठेवला, परंतु वेगळ्या कारणाने. हा कायदा व्यक्तींच्या गोपनीयतेसाठी आहे आणि वादी संस्था स्वतः मतदार नाही. त्यामुळे तिची हानी झाल्याचे दिसत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

राज्य न्यायालयांत वेगळे चित्र दिसले. टेक्सासमध्ये 'लीग ऑफ विमेन व्होटर्स' व एनएएसीपीच्या राज्य शाखांनी केलेल्या दाव्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये माहिती देण्यास तात्पुरती मनाई करण्यात आली. आयोगाने टेक्सासकडे केलेल्या अर्जात स्पॅनिश आडनावाच्या मतदारांची खूण असलेली नोंद मागितली होती, हे पुढे उघड झाले. ती माहिती आयोगाला मिळाली नाही.

आयोगाचे सदस्य व मेनचे सेक्रेटरी ऑफ स्टेट मॅथ्यू डनलॅप यांनी नोव्हेंबरमध्ये आयोगाविरुद्धच दावा दाखल केला. आयोगाची कागदपत्रे सदस्य असूनही आपल्याला दाखवली जात नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. २२ डिसेंबर रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला.

### आयोगाची बरखास्ती

३ जानेवारी २०१८ रोजी ट्रम्प यांनी आयोग बरखास्त केला. अनेक राज्यांनी माहिती देण्यास नकार दिल्याचे कारण व्हाइट हाउसने दिले. गोळा झालेली मतदार माहिती अन्य विभागाकडे सोपवली जाणार नाही व ती नष्ट केली जाईल, असे सरकारतर्फे न्यायालयात सांगण्यात आले. ऑगस्ट २०१८ मध्ये कागदपत्रे मिळाल्यावर, त्यांत मतदानातील व्यापक गैरप्रकाराचा पुरावा नसल्याचे डनलॅप यांनी जाहीर केले.

## नॉर्थ कॅरोलायनातील समन्स (२०१८)

ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस, मध्यावधी निवडणुकांना सुमारे दोन महिने उरले असताना, संघीय सरकारी वकिलांच्या कार्यालयाने स्थलांतर व सीमाशुल्क अंमलबजावणी विभागाच्या तपासासाठी नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्य निवडणूक मंडळाला व ४४ काउंटींच्या मंडळांना समन्स पाठवले. त्यांत अनेक वर्षांचे नोंदणी अर्ज, मतदानाच्या नोंदी आणि मतपत्रिकाही मागितल्या होत्या. दोन कोटींहून अधिक कागदपत्रे द्यावी लागतील, असा राज्य मंडळाचा अंदाज होता. त्या राज्यात मुदतपूर्व मतदानाच्या मतपत्रिकांवरील क्रमांकावरून मतदार शोधता येत असल्याने मतदानाच्या गुप्ततेचा प्रश्न निर्माण झाला. ७ सप्टेंबर रोजी दोन्ही पक्षांचे सदस्य असलेल्या मंडळाने समन्सना विरोध करण्याचा निर्णय एकमताने घेतला. सरकारी वकिलांनी मुदत जानेवारी २०१९ पर्यंत वाढवली.

## याद्यांची आंतरराज्य पडताळणी

मतदार दुसऱ्या राज्यात गेल्यास जुन्या यादीतील नाव वगळण्यासाठी राज्यांना एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करावी लागते. त्यासाठी दोन भिन्न पद्धती वापरल्या गेल्या.

'क्रॉसचेक' हा कार्यक्रम २००५ पासून कॅन्सस राज्य चालवत होते. त्यात मुख्यतः नाव व जन्मतारीख जुळवली जात असे. लाखो लोकांच्या यादीत एकाच नावाच्या व एकाच दिवशी जन्मलेल्या निराळ्या व्यक्ती योगायोगानेही आढळतात. त्यामुळे केवळ अशा जुळणीवरून नावे वगळल्यास दुबार मतदानाच्या एका घटनेमागे शेकडो वैध मतदारांना अडथळा होऊ शकतो, असे शरद गोयल व सहकाऱ्यांच्या संशोधनात आढळले. या कार्यक्रमातून फ्लोरिडाकडे गेलेली कॅन्ससच्या सुमारे साडेनऊशे मतदारांची माहिती, सामाजिक सुरक्षा क्रमांकाच्या अंकांसह, बाहेर पडली. त्यावरून झालेल्या खटल्यातील तडजोडीनंतर डिसेंबर २०१९ मध्ये हा कार्यक्रम थांबला.

२०१२ मध्ये सात राज्यांनी स्थापन केलेल्या 'एरिक' या संस्थेची पद्धत वेगळी आहे. तिच्याकडे पाठवण्यापूर्वी जन्मतारीख, परवाना क्रमांक व सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे अंक राज्यातच सांकेतिक रूपात बदलले जातात. दोन नोंदी जुळतात की नाही हे या सांकेतिक रूपावरून समजते, पण त्यातून मूळ अंक सहजी काढता येत नाहीत. २०२२ पासून काही रिपब्लिकन राज्ये या संस्थेतून बाहेर पडली.

नागरिकत्वाच्या पडताळणीतही जुन्या नोंदींमुळे चुका होतात. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासने परवाना कार्यालयाच्या नोंदींवरून सुमारे ९५ हजार मतदार परकीय असल्याचा संशय व्यक्त केला. परवाना घेतल्यानंतर अमेरिकेचे नागरिकत्व मिळवलेल्या अनेकांचा त्यांत समावेश असल्याचे उघड झाले आणि एप्रिलमध्ये तडजोड होऊन ती मोहीम मागे घेण्यात आली.

## २०२५ पासूनच्या मागण्या

२०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने अनेक राज्यांकडे संपूर्ण मतदार याद्या मागितल्या. त्यांत परवाना क्रमांक व सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे अंक यांचाही समावेश होता. २०१७ च्या आयोगाला केवळ विनंती करता येत होती. न्याय विभागाने मात्र १९६० चा नागरी हक्क कायदा, १९९३ चा नोंदणी कायदा व २००२ चा कायदा यांचा आधार घेऊन खटले भरले. १६ सप्टेंबर २०२५ रोजी मेन व ओरेगन आणि २५ सप्टेंबर रोजी कॅलिफोर्निया, मिशिगन, मिनेसोटा, न्यू यॉर्क, न्यू हॅम्पशायर व पेनसिल्व्हेनिया या राज्यांविरुद्ध दावे दाखल झाले. पुढे इतर राज्यांवरही खटले भरण्यात आले.

याद्यांत परकीय नागरिक नाहीत व नावे वेळेवर वगळली जातात याची खात्री करणे आपले काम आहे, अशी न्याय विभागाची भूमिका आहे. वांशिक भेदभाव शोधण्यासाठी केलेला १९६० चा कायदा सरसकट सर्व मतदारांची माहिती गोळा करण्यासाठी वापरता येत नाही आणि मागणीचा आधार व हेतू पुरेसा सांगितलेला नाही, असे विरोध करणाऱ्या राज्यांचे म्हणणे आहे. जानेवारी २०२६ मध्ये जिल्हा न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी कॅलिफोर्नियाविरुद्धचा खटला फेटाळला.

## मतमतांतरे

माहिती मागण्याचे समर्थन करणारे याद्यांतील त्रुटींकडे लक्ष वेधतात. प्यू संस्थेच्या २०१२ च्या अहवालानुसार देशभरातील सुमारे २ कोटी ४० लाख नोंदी चुकीच्या किंवा अवैध होत्या. सुमारे १८ लाख मृत व्यक्तींची नावे याद्यांत होती, तर २७ लाखांहून अधिक लोकांची नावे एकाहून अधिक राज्यांत होती. एकत्रित माहितीशिवाय अशा नोंदी शोधता येत नाहीत आणि राजकीय पक्षांना जी यादी विकत मिळते ती सरकारला नाकारणे विसंगत आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. भेदभावाविरुद्धच्या कारवाईतही संघीय सरकारला राज्यांच्या नोंदी पाहाव्या लागल्या होत्या, याचाही ते दाखला देतात.

टीकाकारांच्या मते यादीतील जुनी नोंद म्हणजे बेकायदा मतदान नव्हे. विखुरलेल्या याद्या एकत्र आल्यास हॅकरांना एकच मोठे लक्ष्य मिळते. २०१६ मध्ये इलिनॉय राज्याच्या मतदार नोंदणी प्रणालीत रशियन हॅकरांनी प्रवेश मिळवला होता, तर जून २०१७ मध्ये रिपब्लिकन पक्षासाठी काम करणाऱ्या एका कंपनीकडील सुमारे १९ कोटी ८० लाख मतदारांची माहिती इंटरनेटवर असुरक्षित स्थितीत आढळली. याशिवाय, एका कारणासाठी दिलेली माहिती पुढे स्थलांतर किंवा गुन्हे तपासासाठी वापरली जाण्याची भीती असल्यास लोक नोंदणीच टाळतील, असाही आक्षेप घेतला जातो.

पारदर्शकता व गोपनीयता यांचा मेळ घालण्यासाठी न्यायालयांनी काही प्रकरणांत मधला मार्ग स्वीकारला आहे. २०२४ मध्ये पहिल्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मेनसंबंधीच्या एका खटल्यात, १९९३ च्या कायद्याखाली यादी खुली करावी लागते, परंतु अतिशय संवेदनशील वैयक्तिक तपशील झाकून ती देण्यास हा कायदा मनाई करत नाही, असे स्पष्ट केले.

## हे सुद्धा पहा

* अमेरिकेतील निवडणुका
* गोपनीयतेचा अधिकार
* गुप्त मतदान
* मतदार यादी
* अमेरिकेची राज्यघटना
* अमेरिकेतील नागरी हक्क चळवळ